तीन लेकींचा बाप आणि तो राजा

अण्णा, तुमचं आणि त्या राजाचं कधीच पटलं नाही. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याशी भांडावं तसं तुम्ही त्याच्याशी वर्षभर भांडलात, आणि मी मधे उभी राहून त्याची बाजू तुम्हाला सांगत बसले.

बारावीला इंग्रजी वाङ्मयाच्या पेपरला आम्हाला ती शोकांतिका होती. चारशे वर्षांपूर्वीची, इंग्रजांच्या देशातली. एक म्हातारा राजा, त्याला तीन लेकी, मुलगा नाही. राज्य लेकींना वाटून मोकळं व्हायचं तो ठरवतो आणि भर दरबारात विचारतो, माझ्यावर सगळ्यात जास्त माया कुणाची? थोरली गोड गोड बोलते. मधली तिच्यावर कडी करते. धाकटी म्हणते, मला असलं बोलायला जमत नाही. राजा भडकतो, धाकटीला हाकलून देतो, राज्य दोघींत वाटतो आणि शंभर स्वार बरोबर घेऊन पाळीपाळीनं त्या दोघींकडं राहायला जातो. त्या काही दिवसांतच त्याला घराबाहेर काढतात. पुढं वादळ, वेड आणि मरण. सरांनी पहिल्या तासाला एवढी गोष्ट सांगितली आणि सणसरहून माझ्याबरोबर एसटीनं बारामतीला येणाऱ्या मैत्रिणी वळून माझ्याकडं बघायला लागल्या. आमच्या घरीही तीन लेकी, मुलगा नाही, आणि बाप रागीट, हे त्यांना माहीत होतं.

घरी हे नाटक वाचावं की नाही, याचा मला पेच पडला होता. मुलगा नसल्याचा विषय कुणी काढला की तुम्ही डोक्यावरची टोपी काढायचात, झटकायचात आणि परत घालायचात. तेवढ्यावर समोरचा माणूस ऊसपाण्याच्या गप्पांवर यायचा. पण मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही. सकाळी धारा काढून झाल्या की डेअरीच्या गाडीची वाट बघत तुम्ही दुधाच्या कॅनपाशी ओट्यावर बसायचात, आणि तीच माझी अभ्यासाची वेळ होती. मी इंग्रजी वाचायचे, मग स्वतःलाच मराठीत समजावून सांगायचे. पहिले काही दिवस तुम्ही ऐकत नसल्याचं सोंग केलंत. मग एका सकाळी गाडी कॅन घेऊन गेली तरी तुम्ही जागचे हलला नाहीत.

तुमचा पहिला प्रश्न होता, ह्या राजाची बायको कुठं आहे? मी पानं चाळली. राणी नाटकात नव्हतीच. तुम्ही समाधानानं मान हलवलीत. ती असती तर असला खुळेपणा तिनं करू दिला नसता, म्हणालात. आत आईनं तवा जरा जोरातच खाली ठेवला. त्या दिवसापासून तीसुद्धा भाकरी थापता थापता कान देऊ लागली, आणि आमच्या वर्गात नव्हती एवढी चर्चा आपल्या ओट्यावर व्हायला लागली.

मग त्या शंभर स्वारांवरून तुमचं डोकं फिरलं. शंभर माणसं घेऊन लेकीच्या दारात जायचं म्हणजे काय? तिनं भाकऱ्या किती थापायच्या? थोरल्या दोघी लेकी दुष्ट होत्या हे तुम्ही मान्य केलंत, पण या एका मुद्द्यावर तुम्ही त्यांच्या बाजूचे होतात. मला त्याचं नवल वाटलं नाही. आपल्याकडं लेकीच्या सासरी बाप जेवत नाही, नातवंड होईपर्यंत तरी नाही. नातवंड झालं की बाकीच्यांचा हा नियम सुटतो. ताईला लासुर्ण्याला दिली, तिला दोन मुलं झाली, तरी तुम्ही तिच्याकडं उभ्या उभ्या कपभर चहा घेऊन निघायचात. ताट वाढलं तर म्हणायचात, घरून जेवून आलोय. ताई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची आणि तुम्ही मोटरसायकलला किक मारायचात.

तिसरं भांडण वाटणीवरून झालं. राजानं नकाशावर वाटे आधीच पाडून ठेवले होते, हे तुम्ही बरोबर पकडलंत. वाटे आधीच पाडले होते तर मग विचारायचं कशाला? आणि विचारायचंच होतं तर वाटे आधी पाडायचे कशाला? आपल्याकडं भावाभावांत वाटणी होते तेव्हा थोरला वाटे पाडतो आणि धाकटा पहिला उचलतो. त्यामुळं थोरला मुकाट्यानं सारखे वाटे पाडतो, कारण उरलेलं त्याच्या पदरात पडणार असतं. या साध्या गोष्टीसाठी एवढं मोठं राज्य बुडालं, याचा तुम्हाला खरोखर त्रास झाला. गोठ्याकडं जाताना तुम्ही पुटपुटत होतात की त्या दरबारात एक तरी जाणता माणूस असायला हवा होता.

पण आपलं खरं वाजलं ते सरांच्या नोट्सवरून. शोकांतिकेच्या नायकात एक मोठा दोष असतो, तोच त्याला खाली ओढतो, आणि या राजाचा दोष म्हणजे गर्व, असं सरांनी सांगितलं होतं. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. मी तो घोकत होते आणि तुम्ही कॅनचं झाकण हातात तसंच धरून उभे राहिलात.

"गर्व न्हाय त्यो," तुम्ही म्हणालात. "हाव हाय. आपलं कवतिक दुसऱ्याच्या तोंडनं ऐकायची हाव. गर्व म्हंजी मान, त्यो असावाच. मान नसंल तर माणसात आन् जनावरात फरक काय ऱ्हायला?"

मीही तुमचीच लेक. मी म्हणाले, मग तुम्ही ताईच्या घरी जेवत नाही ते काय आहे? तुम्ही म्हणालात, ती रीत आहे. मी म्हणाले, रीत नाही, ताठा आहे, आणि त्यापायी ताई रडते. तुम्ही टोपी काढली, झटकली, परत घातली. मी विषय बदलला नाही. तो वाद पुढंही मिटला नाही. मान कुठं संपतो आणि ताठा कुठं सुरू होतो, हे तुम्ही मला कधी पटवून दिलं नाहीत आणि मीही तुम्हाला पटवू शकले नाही.

बोर्डाच्या पेपरला तोच प्रश्न आला. मी सरांच्या नोट्स बाजूला ठेवल्या आणि तुमचं म्हणणं लिहिलं. हाव लिहिली, वाटे लिहिले, नसलेली राणी लिहिली, शंभर स्वारांच्या जेवणाचंसुद्धा लिहिलं. तुम्ही बारामतीच्या एसटी स्टँडवर मला न्यायला आला होतात. पेपर कसा गेला हे विचारलं नाहीत. राजाला सोडलंस का धरलंस, एवढंच विचारलंत. धरला म्हणाले तेव्हा तुम्ही मला उसाचा रस पाजलात आणि रसवंतीवाल्याला, ओळख ना पाळख, सांगितलंत की ही माझी बारकी, इंग्लंडच्या राजाला धरून आलीय. निकालात त्या विषयाला मला भरभरून मार्क पडले. ते मार्क निम्मे तुमचे होते, हे तुम्ही सणसरच्या चौकात सगळ्यांना सांगितलंत, आणि ते खरंच होतं.

अण्णा, मला तुमचा अभिमान वाटतो तो त्याच्यानंतर जे झालं त्याबद्दल. नाटक वाचून माणसं विसरून जातात. तुम्ही विसरला नाहीत.

मी कॉलेजात असताना तुमचे चुलतभाऊ नाना एका सकाळी आले. बरोबर पेढे होते. मधलीचं लग्न होऊन ती इंदापूरला गेली होती, माझं आज ना उद्या होणार होतं, आणि तुम्ही थकत चालला होतात. नाना म्हणाले, जमीन भावकीत राहिली पाहिजे. तिन्ही लेकींच्या हक्कसोड पत्रावर सह्या घेऊ आणि सगळं माझ्या पोराच्या नावावर करू, तो तुमचं म्हातारपण बघेल. लेकींनी सह्या करून वाटा सोडायचा हे आपल्याकडं इतकं सर्रास चालतं की नानांना आपण काही वावगं बोलतोय असं वाटलंच नाही. आई दारात उभी होती. तुम्ही गप्प बसलात म्हणून नानांना आणखी जोर चढला.

"आमचा पोरगा तुमाला तळहातावर ठिवंल, अण्णा," ते म्हणाले. "पोटच्या लेकराला जमनार न्हाय एवढी माया करंल."

तुम्ही हळूच माझ्याकडं वळलात. "बारके, हे नाटकातल्या थोरलीचं बोलनं झालं का मधलीचं?"

मी म्हणाले, मधलीचं, थोरलीचं मघाशी झालं. नाना आमच्या तोंडाकडं बघत राहिले. आपल्या ताईनं आणि मधलीनं मागं काहीतरी चहाडी केली असावी असा त्यांचा समज झाला, आणि तो तुम्ही तसाच राहू दिलात. मग तुम्ही शांतपणे पेढ्यांचा बॉक्स त्यांच्याकडं सरकवलात.

"नाना, माज्या लेकींनी मला कायबी बोलून दावलेलं न्हाय," तुम्ही म्हणालात. "म्हनून त्यांला देतोय."

नाना उठले ते तणतणत. जाता जाता म्हणाले, देऊन बघा, उद्या लेकी घराबाहेर काढतील तेव्हा आमच्याच दारात याल. मला धडकी भरली. कारण नाटक मीच वाचलं होतं. जिवंतपणी सगळं देऊन टाकणाऱ्या बापाचं काय होतं, हे मी पानापानावर खुणा करून पाठ केलं होतं. मी तुम्हाला म्हणाले, अण्णा, निदान काही तरी स्वतःच्या नावावर ठेवा. तलाठी म्हणाला, वकील म्हणाला, ताईसुद्धा म्हणाली. तुमचं उत्तर ठरलेलं. राजानं शंभर स्वार स्वतःकडं ठेवले आणि तिथंच भांडण लागलं, द्यायचं तर सगळं द्यायचं.

वाटे तुम्ही पाडले नाहीत, ताईला पाडायला लावलेत. ती लासुर्ण्याहून येऊन दोन दिवस रानातून फिरली. विहीर कुणाकडं, कालव्याकडची बाजू कुणाकडं, मुरमाड तुकड्याच्या बदल्यात कुणाला काय, हे तिनं असं जुळवलं की मला कुठला वाटा बरा तेच कळेना. मी पहिला उचलला, मग मधलीनं, आणि राहिलेला ताईनं हसत घेतला. राहतं घर आईच्या नावावर केलंत. इंदापूरला दस्त करताना लिहिणाऱ्यानं बक्षीसपत्र करू का विचारलं, तर तुम्ही उखडलात. बक्षीस कशाचं, त्यांचा वाटा आहे, वाटणीपत्र लिहा. सही करून तुम्ही बाहेर आलात तेव्हा तुमच्या नावावर अंगावरचे कपडे आणि मोटरसायकल सोडून काही नव्हतं. पुढच्या हंगामात साखर कारखान्याच्या गट ऑफिसात तुम्ही रांगेत उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात की लेकींच्या उसाची नोंद द्यायला आलोय. रांगेतली माणसं वळून बघत होती, आणि तुम्ही तर मान आणखीच ताठ केलीत.

पण दस्ताच्या त्या संध्याकाळी एक गंमत झाली, ती आठवली की आई अजूनही रडता रडता हसते. आपण जेवायला बसलो. तुम्ही भाकरी मोडली आणि हात मागं घेतलात. ज्वारी जुनी, माझी, तुम्ही हिशोब मांडलात, पण ही वांगी आज सांजच्याला तोडली, सही झाल्यावर. ही कुणाच्या वाट्यातली? आई म्हणाली, बारकीच्या. झालं. लेकीचं खाणार कसं? सगळं देऊन टाकायचा विचार तुम्ही सगळ्या बाजूंनी केला होता, फक्त रात्रीच्या कोरड्यासाचा, भाकरीबरोबरच्या भाजीचा, केला नव्हता. आई कपाळाला हात लावून म्हणाली की घर आता तिचं आहे आणि तिच्या घरात कुणी उपाशी झोपायचं नाही. तुम्ही म्हणालात, घर तुझं, वांगी लेकीची. तुम्ही थट्टा करत नव्हतात. तुमच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती बघितली. आपण आता कुणाच्या घरात बसलोय, हे खरोखरच तुम्हाला कळेनासं झालं होतं.

तेव्हा मी म्हणाले, "अण्णा, त्या राजाला कुणी वाढलंच न्हाय, म्हणून ते नाटक झालं. तुमाला वाढलंय."

तुम्ही ताट जवळ ओढलंत. मग वांग्याचाच घास आधी घेतलात. जेवण झाल्यावर हात धुताना विचारलंत, हे पेपरात लिहिलं होतंस का? मी म्हणाले, नाही, आत्ताच सुचलं. "मार्क गेलं की मंग," म्हणालात तुम्ही. पण त्या दिवसापासून घरातलं तुम्ही खात होतात ते घर आईचं म्हणून. आम्हा लेकींच्या सासरी तुमचा उभ्या उभ्याचा चहा तसाच चालू राहिला. माझं लग्न होऊन मी बारामतीला एमआयडीसीच्या बाजूला राहायला आले, तेव्हाही तुम्ही भाजीची पिशवी दारात ठेवायचात आणि चहा पिऊन निघायचात. आमचे हे डेअरीतली पाळी संपवून यायचे तोवर तुम्ही परत सणसरच्या रस्त्याला लागलेले असायचात. त्यांना वाईट वाटायचं. मी म्हणायचे, त्यांचा तो वाद माझ्याशी आहे, तुमच्याशी नाही.

मग तुमच्या किडन्यांनी दगा दिला. डायलिसिसला दिवसाआड बारामतीला यायचं, आणि तो प्रवास तुम्हाला झेपेना. डॉक्टर म्हणाले, बारामतीतच राहा. नाटकात हा प्रसंग येतो तेव्हा त्या लेकी बापाला एकमेकींकडं ढकलतात. आपल्या घरी भांडण झालं ते उलटं. ताई म्हणाली, लासुर्ण्याहून मी रोज गाडी करून नेईन. मधली म्हणाली, मी इंदापुरातून बारामतीत खोली घेऊन राहते. मी म्हणाले, दवाखाना माझ्या घराजवळ आहे, तुम्ही दोघी गप्प बसा. फोनवर आम्ही तिघी एकमेकींवर ओरडत होतो आणि तुम्ही खाटेवर पडून ऐकत होतात. आईनं नंतर सांगितलं की तुम्ही तिला खुणेनं जवळ बोलावून म्हणालात, नानाला हे ऐकवायला पाहिजे होतं.

माझ्याकडं आलात ते अट घालून. स्वयंपाक आई करणार. चूल माझी, पीठ माझं, घर जावयाचं, पण हात आईचा, म्हणजे ते जेवण आईचं. एवढी बारीक पळवाट वकिलालाही सापडली नसती. मी हसले आणि हो म्हणाले. मनातून मात्र मला रोज टोचायचं. मला भीती होती ती एवढीच की तुम्ही माझ्या घरात त्या राजासारखे राहताय, मान खाली घालून, दुसऱ्याच्या दारात आल्यासारखे. ज्या माणसाला मी आयुष्यात कधी वाकलेला बघितला नाही त्याला माझ्याच घरानं वाकवलं, असं झालं तर तुम्ही दिलेलं ते रान घेऊन मी काय करणार होते? विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर तुम्ही टोपी झटकली असती.

तुम्हीही मला कधी विचारलं नाहीत की माझी तुमच्यावर माया किती. विचारलं असतंत तर मला काही बोलता आलं नसतं. आता विचारणारं कुणी नाही तर सांगते, खूप होती अण्णा, इतकी की तुमच्याशी भांडल्याशिवाय माझा दिवस जायचा नाही.

तेराव्याला नाना आले होते. जेवून, हात पुसत, चार माणसांत म्हणाले, ताठ माणूस, पण शेवटी लेकीच्या दारात गेला. ताईचा हात माझ्या हातात होता, तो घट्ट झाला. आई काहीतरी बोलणार होती, मी तिला खुणेनं थांबवलं. नानांना सांगून कळलं नसतं. जे त्यांना सांगितलं नाही ते तुम्हाला माहीतच आहे, तरी मला ते परत सांगायचंय.

तुम्ही जायच्या आधीच्या आठवड्यात माझ्या वाट्यातल्या उसाला तोड आली. ऊसतोड्यांची टोळी रानात उतरली म्हणून आईला सणसरला जावं लागलं. त्या दुपारी मी स्वयंपाक केला. दोडक्याचं कोरड्यास केलं, डॉक्टरांनी सांगितलेलं मोजकं मीठ घालून, आणि ताट तुमच्यापुढं ठेवून भिंतीला टेकून बसले. तुम्ही ताटाकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत. आई नाही, आता काय करता, हे मी मनात म्हणत होते. तुम्ही जेवायला लागलात. सावकाश, एकेक घास चावत. सगळी भाकरी संपवलीत, आणि मला वाटलं, पाहुण्यासारखे आता हात धुवायला उठाल.

तुम्ही ताट पुढं सरकवलंत.

"बारके, अर्धी भाकर अजून आन," म्हणालात. "आन् कोरड्यास जरा गरम करून दे. पार गार झालंय."

मी आत गेले, गॅस पेटवला, आणि पातेलं ठेवून तिथंच पदरानं तोंड दाबून उभी राहिले. पाहुणा कधी कोरड्यास गार झालंय म्हणत नाही, अण्णा.